टीम शूटरमध्ये शत्रू वेळेत दिसतो का? रंग, कडा, धूर आणि सेटिंग

रेषाकार

टीम शूटरबद्दल, म्हणजे दोन संघांनी एकमेकांवर गोळीबार करायच्या व्हिडिओ गेमबद्दल, बोलताना 'ग्राफिक्स भारी आहेत' आणि 'नीट दिसतं' या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. या धाग्यात फक्त दुसरीबद्दल बोलू. समोर कुणी आहे हे कळायला किती वेळ लागतो, तो आपला की त्यांचा हे कशावरून कळतं, आणि कळेनासं झालं तर नेमकं कशामुळे.

सुरुवात टीम फोर्ट्रेस 2 पासून करतो. खेळ 2007 चा, आणि त्याच वर्षी तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या जेसन मिचेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चित्रणपद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. खेळाडूकडे पाहताना डोळ्याने काय कोणत्या क्रमाने टिपावं हे त्यात ठरवून दिलेलं आहे. आधी संघ, तो रंगावरून. मग नऊ वर्गांपैकी कोण, ते बाह्याकृतीवरून. मग हातात काय आहे, ते उजेड-अंधाराच्या फरकावरून. म्हणून तिथली पात्रं पायाशी गडद आणि छातीकडे उजळ होत जातात. शस्त्र छातीपाशी धरलेलं असतं, त्यामुळे सगळ्यात मोठा फरक बरोबर तिथे पडतो.

प्रकाशाचं गणितही याच हेतूने वाकवलेलं आहे. नेहमीच्या पद्धतीत प्रकाशाशी 90 अंशात असलेला पृष्ठभाग पूर्ण काळा होतो. व्हॉल्व्हची जुनी पद्धत अशी: मिळालेली किंमत अर्धी करायची, त्यात अर्धा मिळवायचा, आणि वर्ग करायचा. 90 अंशावर शून्याऐवजी 0.25 उजेड उरतो. सावलीतल्या बाजूचाही आकार वाचता येतो. त्यावर कडेने उजळ रेघ येते. जे. सी. लायेंडेकर वगैरे अमेरिकन जाहिरात-चित्रकारांच्या कामावरून ती घेतल्याचं निबंधातच म्हटलं आहे.

नकाशेही (म्हणजे लढाईच्या जागा) त्याच शिस्तीत. लाल संघाचा तळ उबदार रंगांचा, लाकडाचा, तिरकस रेषांचा. निळ्याचा थंड रंगांचा, काँक्रीट-लोखंडाचा, काटकोनी. 2फोर्ट या नकाशात कुठेही डोळे उघडले तरी आपण कुणाच्या घरात आहोत हे भिंतच सांगते.

आता आकडा, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. 1080 ओळींचा स्क्रीन, आडवा दृष्टिकोन, म्हणजे स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे किती अंशांचं दृश्य मावतं ते, 103 अंश (व्हॅलोरंट या शूटरमध्ये तो कायमचा एवढाच आहे), आणि 1.8 मीटर उंचीचं पात्र 30 मीटरवर उभं. त्याची स्क्रीनवरची उंची भरते साधारण 46 पिक्सेल. डोकं सहा-सात. हात तीन. 60 मीटरवर हे सगळं निम्मं. चेहरा, पट्टे, खिसे, नक्षी यांवर कितीही मेहनत घेतली तरी लढाईच्या अंतरावर तिचा उपयोग शून्य. तिथे तीनच गोष्टी पोचतात: उजळ-गडदपणा, ढोबळ आकार, आणि हालचाल.

बी_साईट

उत्तम धागा. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या टीम शूटरच्या बाजूने भर घालतो.

रेषाकार म्हणतात तो आकडा दृष्टिकोनावर अवलंबून असतो, आणि '4:3 स्ट्रेच्ड' (कमी रुंदीचं चित्र रुंद स्क्रीनभर ताणणं) का चालतं याचं उत्तर तिथेच आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये 4:3 ला आडवा दृष्टिकोन 90 अंश, 16:9 ला सुमारे 106. उभा दोन्हीकडे तोच, जवळपास 74. म्हणजे 1280×960 ताणून पूर्ण स्क्रीनवर घेतलं की शत्रूची उंची वाढत नाही, रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. दोन्ही बाजूंचे आठ-आठ अंश गायब होतात. आणि शत्रू स्क्रीनवर तितकाच जास्त वेगाने आडवा सरकतो, कारण ताणली जाते ती फक्त त्याची रुंदी नव्हे, त्याने कापलेलं अंतरही. अरुंद दारावर नेम धरून बसणाऱ्याला हे परवडतं. साईटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) एकट्याने दोन बाजू सांभाळणाऱ्याला नाही.

सीएस2 ची (काउंटर-स्ट्राइक 2 ची) सेटिंग, दिसण्यापुरती:

'बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट' चालूच ठेवा. पात्र आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात फरक कमी असेल तिथे ते पात्र किंचित उठावदार करतं. फ्रेम वाचवण्यासाठी हे बंद करणं म्हणजे नको तिथे काटकसर.

सावल्या कमी करू नका. सीएस2 मध्ये शत्रूची सावली कोपऱ्याच्या आधी बाहेर येते, ती फुकटची माहिती आहे. 'डायनॅमिक शॅडोज' ला 'ऑल' हवं. 'सन ओन्ली' ठेवलं तर घरातल्या दिव्यांच्या सावल्या जातात.

एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करणारी सोय) बंद. ते बंद म्हणजेच पूर्ण रिझोल्यूशन. 46 पिक्सेलचा माणूस 75 टक्क्यांवर रेंडर केला की खऱ्या ओळी 34 उरतात, बाकीचा अंदाज असतो.

एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सोय) किमान 4एक्स. काठी, रेलिंग, जाळी यांच्या कडा थरथरत असतील तर डोळा त्या थरथरीलाच हालचाल समजतो आणि दर वेळी तिकडे वळतो.

आणि धुराबद्दल. सीएस:गो (सीएस2 च्या आधीची आवृत्ती) च्या काळात धूर म्हणजे सपाट चित्रांचा पुंजका होता, त्यामुळे एका बाजूने आरपार आणि दुसऱ्या बाजूने भिंत, असे एकतर्फी स्मोक बसवता यायचे. 27 सप्टेंबर 2023 ला सीएस2 आलं तेव्हा धूर एकच घन आकार झाला, तो सगळ्यांना सारखाच दिसतो आणि जागेप्रमाणे पसरतो. एचई (स्फोटक) ग्रेनेड टाकला की काही क्षण भोक पडतं, गोळ्यांनी अरुंद बोगदा होतो. दृश्यस्पष्टतेसाठी काउंटर-स्ट्राइकमध्ये झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे असं माझं मत.

सांजवेळ

एक शंका. व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या कडेचा रंग निवडता येतो: लाल, जांभळा, आणि पिवळ्याच्या दोन छटा. लाल-हिरवा फरक कमी दिसणाऱ्यांनी पिवळा घ्यावा एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. मग बाकीच्यांनीही पिवळाच घ्यावा का? बरेच चांगले खेळाडू पिवळा किंवा जांभळा ठेवताना दिसतात, पण कारण कुणी सांगत नाही.

रेषाकार

सांजवेळ, कारण गणितात आहे. स्क्रीनच्या तीन मूळ रंगांचा उजळपणा डोळ्याला सारखा भासत नाही. पूर्ण पांढरा 1 धरला तर त्यात हिरव्याचा वाटा 0.72, लालचा 0.21, निळ्याचा 0.07. म्हणून शुद्ध लालचा उजळपणा 0.21, पिवळ्याचा (लाल अधिक हिरवा) 0.93.

आता मधला राखाडी घ्या, 128-128-128. त्याचा उजळपणा 0.216. म्हणजे शुद्ध लाल आणि काँक्रीटचा राखाडी उजळपणात जवळजवळ जुळे आहेत! कृष्णधवल केलं तर ती लाल कड भिंतीत विरघळते. फरक उरतो फक्त रंगछटेचा. आणि बारीक, हलत्या गोष्टींच्या बाबतीत डोळा रंगछटेपेक्षा उजळ-गडद फरक फार लवकर पकडतो.

गुणोत्तर काढायची रीत: दोन्ही उजळपणांत 0.05 मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. राखाडीवर लाल: 1.01. राखाडीवर पिवळा: 3.7. पिवळ्याचा दबदबा यातूनच येतो.

पण उन्हातली वाळूच्या रंगाची भिंत घ्या, समजा 220-200-160. तिचा उजळपणा 0.59. तिच्यावर पिवळा फक्त 1.5, लाल 2.4, आणि गडद जांभळा (160-32-240 सारखा) 3.2. म्हणजे सर्वत्र सरस असा एकही रंग नाही. बहुतेक वेळ सावलीतल्या, निळ्या-राखाडी जागा पाहत असाल तर पिवळा. वाळू, चुना, ऊन जास्त असेल तर जांभळा. लाल-हिरवा फरक कमी दिसत असेल तर पिवळाच, कारण त्यांच्यापैकी काहींना लाल रंग गडदही दिसतो, त्यामुळे लाल कड दोन्ही बाजूंनी मार खाते.

तीच रीत क्रॉसहेअरला (स्क्रीनच्या मधोमध असलेल्या नेमाच्या खुणेला) लावा. शत्रूच्या कडेच्या रंगाचा क्रॉसहेअर ठेवू नये, हे पहिलं. निळसर हिरवा (उजळपणा 0.79) किंवा हिरवा (0.72) चालतो, मात्र भोवती एक पिक्सेल काळी रेघ हवीच. भिंत गडद असेल तर आतला रंग दिसतो, भिंत उजळ असेल तर काळी रेघ. गडद निळा क्रॉसहेअर कुणीच ठेवू नये. उजळपणा तर नाहीच, शिवाय आपल्या नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर निळा टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतात, त्यामुळे नेमका नेमाच्या जागी असलेला इवलासा निळा ठिपका रंगच हरवून बसतो.

फ्रेमवाला

मॉनिटरचं मी सांगतो, कारण खेळाने नीट काढलेली कड मॉनिटरवर फासली गेली तर वरचं सगळं व्यर्थ.

नजर एखाद्या हलत्या शत्रूच्या मागे फिरत असते तेव्हा प्रत्येक फ्रेम जितका वेळ स्क्रीनवर थांबते तितकी ती फासलेली दिसते. शत्रू सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने सरकतोय असं धरा. 60 हर्ट्झवर 16 पिक्सेलचा फराटा. 144 वर साधारण 7. 240 वर 4. आणि 30 मीटरवरच्या माणसाचं धड जेमतेम 13 पिक्सेल रुंद! 60 हर्ट्झवर तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त फासला जातो. म्हणून बजेट मर्यादित असेल तर 4के पेक्षा हर्ट्झला पैसे द्या, यात मला शंका नाही.

पॅनल व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) असेल तर गडद छटांमधले बदल सावकाश होतात. अंधाऱ्या कोपऱ्यातून गडद कपड्यांचा माणूस धावला की मागे काळी शेपटी दिसते. ओव्हरड्राइव्ह (छटा लवकर बदलायला लावणारी मॉनिटरची सोय) वाढवून ती थोडी कमी होते, पण कमाल पातळीवर नेलं तर उलटी, उजळ शेपटी येते. मधली पातळी बहुधा योग्य. माऊसने खिडकी वेगाने ओढून पाहा, दोन्ही प्रकार लगेच कळतात.

अंधार उजळण्याची सोय (बेनक्यूवर ब्लॅक इक्वलायझर, असूसवर शॅडो बूस्ट) उपयोगी आहे, पण हात आखडता ठेवावा. ती फक्त गडद छटा वर ढकलते. जास्त केली की काळा राखाडी होतो, आणि गडद कपडे व गडद भिंत यांच्यातला जो थोडा फरक होता तोही चेपला जातो. एखाद्या नकाशातला सगळ्यात अंधारा कोपरा निवडा, तिथे बॉट (संगणकाने चालवलेलं पात्र) उभा करा, आणि तो वेगळा दिसू लागला की थांबा. एनव्हिडियाच्या पॅनलमधल्या डिजिटल व्हायब्रन्सलाही तेच लागू. मूळ किंमत 50 टक्के. 65-75 पर्यंत छटा खुलतात. 100 वर लाल रंगाचे सगळे पोत एकच लाल होतात आणि उन्हातली कातडी व वाळू एकमेकांत मिसळतात.

खेळाच्या आतून बंद करायच्या गोष्टी ठरलेल्या: मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अॅबरेशन, डेप्थ ऑफ फील्ड, व्हिनेट, ब्लूम. टीएए (मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करणारी सोय) मात्र सरसकट बंद करू नका. आधी तपासा. काही इंजिनांत ते बंद केलं की केस, पानं, जाळ्या यांचा कचरा होतो, कारण त्या टीएए गृहीत धरूनच काढलेल्या असतात.

बाहेरून फिल्टर टोचणारी साधने टाळा. अँटी-चीटला खेळाच्या प्रक्रियेत शिरलेलं काहीही संशयास्पद वाटू शकतं.

दिवेघाट

रेषाकारांनी टीम फोर्ट्रेस 2 चं कौतुक केलं ते 2007 च्या खेळाचं. 2009 मध्ये टोप्या आल्या, 2010 मध्ये दुकान. आज एखाद्या सर्व्हरवर जा: धुराडं डोक्यावर, खांद्यावर पक्षी, भोवती जांभळ्या ज्वाळा. मग त्या क्रमाचं काय राहिलं? माझं म्हणणं असं की ज्या खेळाला कपडे विकायचे आहेत त्याने आकृतीवर भरवसा ठेवूच नये. सरळ जाड आउटलाइन द्यावी, काम फत्ते. ओव्हरवॉच आणि मार्व्हल रायव्हल्सनी तेच केलं.

रेषाकार

दिवेघाट, अर्धा सहमत. टोपी तिन्ही प्रश्नांवर (संघ कोणता, वर्ग कोणता, हातात काय) सारखाच घाव घालत नाही. हेवी या वर्गाचा देह, स्काउट या वर्गाचे लांब पाय, डोक्यावर काही ठेवल्याने बदलत नाहीत. दुसरा प्रश्न बऱ्याच अंशी शाबूत राहतो. खरा घाव टोप्या-कपडे रंगवायच्या रंगाच्या डब्यांनी घातला, कारण तो पहिल्या प्रश्नावर होता: दोन्ही संघांत सारखाच दिसणारा लिंबासारखा हिरवा किंवा गुलाबी. त्याच खेळात 'टीम स्पिरिट' नावाचा रंग आहे, जो लाल संघावर लाल आणि निळ्यावर निळा होतो. सगळेच रंग तसे ठेवले असते तर विक्रीही झाली असती आणि क्रमही टिकला असता.

आणखी एक नुकसान खेळाडूंनी स्वतः करून घेतलं. फ्रेम वाढवण्याच्या तयार कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'आर_रिमलाइट 0' किंवा 'मॅट_फाँग 0' असतं. पहिल्याने कडेची उजळ रेघ जाते, दुसऱ्याने तिच्यासोबत पृष्ठभागाची चमकही. इतका विचार करून बसवलेली गोष्ट चार फ्रेमसाठी गेली. यंत्र अगदीच अडत नसेल तर दोन्ही 1 करा.

जाड आउटलाइनबद्दल: 30 मीटरवर हात तीन पिक्सेलचा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन पिक्सेलची रेघ ओढली तर हात उरतच नाही, नुसती रेघ उरते. 'शत्रू आहे' हे कळतं, 'कोण आणि काय करतोय' हे पुसलं जातं. आउटलाइन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्या-तिसऱ्याचं नाही. नायकांवर आधारित खेळात दुसरा प्रश्नच जीव वाचवतो, कारण समोर कोण आहे त्यावर पळायचं की भिडायचं हे ठरतं.

बी_साईट

+1. आणि ज्यांनी आउटलाइन न देता कपडे विकले त्यांचं काय होतं तेही पाहून घ्या. सीएस:गो मध्ये नोव्हेंबर 2019 ला एजंट (वेगवेगळ्या पोशाखांची पात्रं) आले. त्याआधी टी (दहशतवादी) आणि सीटी (दहशतवादविरोधी) हे दोन संघ प्रत्येक नकाशावर ठरावीक पोशाखात असायचे. नंतर एकाच संघात पाच तऱ्हेचे पोशाख, आणि त्यातले काही झाडोऱ्यात किंवा काळोख्या कोपऱ्यात मिसळणारे. कॉन्ट्रास्ट वाढवायची सोय नंतर द्यावी लागली. व्हॅलोरंटने सुरुवातीपासून शस्त्रांच्या स्किन (सजावट) विकल्या, एजंटांच्या, म्हणजे पात्रांच्या, अंगावरचे कपडे नाही. तिथे जेट नावाची एजंट म्हणजे जेटच दिसते.

कणाद

इफेक्टबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते आजच्या टीम शूटरमध्ये पात्रांपेक्षा इफेक्टच जास्त गोंधळ करतात, आणि त्याची कारणं तांत्रिक आहेत.

इफेक्ट दोन प्रकारे मिसळतात. बेरजेने (आग, वीज, जादू) किंवा झाकून (धूर, धूळ). बेरजेत 0.5 उजेडाचे तीन थर एकावर एक आले की 1.5 होतो, स्क्रीन 1 वर कापते, सगळं पांढरं. रंग गेला म्हणजे संघ गेला. झाकण्यात 0.5 चे तीन थर आले की मागचं फक्त साडेबारा टक्के उरतं. एका नायकाचा इफेक्ट एकट्याने तपासला तर सुंदरच दिसतो. सहा विरुद्ध सहामध्ये एका पॉइंटवर पाच जणांचे इफेक्ट एकदम येतात, आणि चाचणी नेमकी त्याचीच झालेली नसते.

उपाय साधे आहेत, पाळणं कठीण. इफेक्टचा मधला भाग रिता ठेवा, माहिती कडेला द्या. जमिनीवरच्या घातक क्षेत्राची फक्त कड उजळ, आतलं 15-20 टक्के पुरे. उंची गुडघ्याखाली, म्हणजे छाती-डोकं मोकळं राहतं. पहिल्या काही फ्रेममध्ये सगळा तमाशा उरकून घ्या आणि लगेच मंद करा: 'काहीतरी झालं' हे क्षणात कळतं, नंतरचा प्रत्येक क्षण फक्त आड येतो. स्वतःच्या बंदुकीची ज्योत नेमावर येऊ नये. आणि स्वकीयांचे इफेक्ट शत्रूच्या इफेक्टपेक्षा फिके असावेत, हे सगळ्यात जास्त मोडलं जातं. आपल्या हीलरचा (बरं करणाऱ्या साथीदाराचा) वर्तुळाकार प्रकाश मला जखमी करणार नाही, मग तो शत्रूच्या बॉम्बइतका झगझगीत कशाला?

ओव्हरवॉचने इथे एक शहाणपणा केला, माहिती कानावर टाकली. हान्झो या नायकाच्या ड्रॅगन-हल्ल्याची आरोळी स्वकीयांना इंग्रजीत ऐकू येते आणि ड्रॅगन निळा दिसतो, विरोधकांना ती जपानीत ऐकू येते आणि ड्रॅगन लाल दिसतो. पाठ वळलेली असतानाही पळायचं की नाही ते कळतं.

स्प्लाटून हा शाई उडवायचा शूटर याहून पुढे गेला. तिथे जमीनच संघाच्या रंगाची, तोच गुण, तीच वाट, तोच धोका. दोनच रंग सगळं काम करतात, म्हणून त्या दोन रंगांची जोडी बिघडली तर खेळच बंद पडेल. जोड्या म्हणूनच ठरवून दिलेल्या आहेत आणि वर रंग कायम ठेवायचा पर्यायही आहे.

ओसरी

आम्ही तिघे मिळून अनरियल इंजिनमध्ये पाच विरुद्ध पाचचा छोटा खेळ करतोय. कडेला फ्रेनेल (पृष्ठभाग नजरेपासून वळतो तिथे उजळवणारं सूत्र) लावलंय, घातांक 3. जवळून झकास दिसतं, 25-30 मीटरवर कड गायबच होते. रंग उजळ केला तरी फरक नाही. कुठे चुकतंय?

रेषाकार

ओसरी, रंग नव्हे, घातांक. धड म्हणजे ढोबळ मानाने नळकांडं. कड तिथे उजळते जिथे पृष्ठभाग नजरेपासून जवळपास आडवा वळलेला असतो. घातांक 3 असताना 60 अंशावरही फक्त 0.125 उजेड मिळतो, डोळ्यात भरेल असा उजेड 70-75 अंशांच्या पुढेच. त्या पट्ट्याची रुंदी नळकांड्याच्या त्रिज्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. तुमचं धड 30 मीटरवर 13 पिक्सेल, त्रिज्या साडेसहा, म्हणजे कड एक-तृतीयांश पिक्सेल! ती उजळ करून काय होणार, पिक्सेलच्या सरासरीत विरतेच.

अंतराप्रमाणे घातांक खाली आणा. 10 मीटरपर्यंत 3, 30 मीटरला 1.5 च्या आसपास. 1.5 ला 60 अंशावर 0.35 मिळतो, पट्टा पिक्सेलभर होतो. त्यापलीकडे कडेचा नाद सोडून पूर्ण धडाच्या वरच्या भागाला थोडा स्वतःचा उजेड द्या.

नकाशाकडेही बघा. अर्धा ते दोन मीटर उंचीचा पट्टा, म्हणजे जिथे धड-डोकं दिसतं, तिथे भिंत साधी ठेवा. पोस्टर, वेली, वीट-नक्षी, पाइप वर किंवा खाली. हाताच्या जाडीएवढी नक्षी सर्वात वाईट, कारण तिच्यासमोर हात हातासारखा दिसतच नाही. दरवाजातून बाहेर पाहताना प्रकाश आपोआप जुळवून घेण्याची सोय बंद करा: पोस्ट प्रोसेसमध्ये मिन ईव्ही आणि मॅक्स ईव्ही (या जुळवणीच्या खालच्या-वरच्या मर्यादा) सारखे ठेवले की झालं. नाहीतर अंधारातून बाहेर येणारा एक-दोन सेकंद आंधळा, आणि बाहेरचा मात्र डोळस.

तपासणी अशी करा. प्रत्येक लांब दृष्टिरेषेवर 10, 20, 30, 45 मीटरवर पुतळे उभे करा, एक उन्हात, एक सावलीत, एक दारात पाठीमागे आकाश घेऊन. स्क्रीनशॉट कृष्णधवल करा, रुंदी 480 पिक्सेल करा. प्रकल्पाबाहेरच्या माणसाला प्रत्येक चित्र अर्धा सेकंद दाखवा आणि विचारा: किती जण, कुठे? मग रंगीत चित्र तसंच दाखवा आणि विचारा: कोणत्या संघाचे? पहिल्यात चुकला तर उजेड बिघडलाय, दुसऱ्यात चुकला तर रंग. दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नका, काय लागू पडलं तेच कळणार नाही. स्वतःच्या टीममधल्या कुणाला विचारू नका, त्यांना पुतळे कुठे आहेत ते पाठ असतं.

ओसरी

अंतराप्रमाणे घातांक बदलून पाहिला, 30 मीटरवर कड आता स्पष्ट आहे. ईव्ही आमचे -2 आणि 8 होते, तेही आज एक करतो.

सांजवेळ

आपल्याकडे बहुसंख्य लोक हे खेळ फोनवर खेळतात. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) च्या टीम डेथमॅचसाठी वरच्यापैकी काय लागू पडतं?

फ्रेमवाला

जवळपास सगळंच, फक्त क्रम बदलतो. फोनवर पहिला शत्रू म्हणजे बाहेरचा उजेड. खिडकीकडे पाठ करून बसलात तर काचेवरचं प्रतिबिंब गडद छटा गिळून टाकतं, मग कोणतीही सेटिंग कामाची नाही. खिडकी बाजूला हवी. ब्राइटनेस हाताने ठरवा, ऑटो बंद.

ग्राफिक्स 'स्मूद' आणि फ्रेम रेट फोन देईल तितका वर. स्मूदमध्ये सावल्या आणि बारकावे कमी होतात, म्हणजे डोळ्यापुढचा कचराही कमी. स्टाइलमध्ये 'कलरफुल' बहुतेकांना सोयीचं, 'मूव्ही' नको. एफपीपी (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) कॅमेरा 80 ते 103 मध्ये ठेवता येतो. 103 वर 30 मीटरवरचा माणूस जेवढा दिसतो त्याच्या दीडपट तो 80 वर दिसतो. वेअरहाऊससारख्या छोट्या जागेत बाजूने येणारे दिसणं महत्त्वाचं, तिथे 95-103. लांबून मारामारी असेल तर 80-85.

गोळी लागल्याचा परिणाम बीजीएमआयमध्ये मुळात हिरवा आहे. एरंगल नकाशातल्या गवतावर हिरवा शिडकावा उठून दिसत नाही, त्याचा रंग सेटिंगमधून बदला. आणि त्याच गवताबद्दल: ठरावीक अंतरापलीकडचं गवत खेळ आखतच नाही, त्यामुळे गवतात आडवं पडलेला माणूस स्वतःला झाकलेला समजतो, आणि लांबून स्कोप लावणाऱ्याला तो मोकळ्या जमिनीवर पडलेला दिसतो. लपायचं असेल तर दगड किंवा चढाची मागची बाजू घ्या. त्या दोन्ही सगळ्या अंतरांवर सगळ्यांच्या फोनवर आखल्या जातात.

सांजवेळ

आभार. एफपीपीचं कळलं. टीपीपीला (आपलं पात्र पाठीमागून दिसतं तेव्हा) मात्र कॅमेरा 90 च्या वर जात नाही, मग तिथे 90 च ठेवायचा ना?

फ्रेमवाला

हो, 90. टीपीपीत कॅमेरा पाठीमागे असल्याने स्वतःचं पात्र स्क्रीनचा मोठा भाग अडवतं. 80 वर ते आणखी मोठं होतं आणि डावीकडून येणारा त्याच्याच आड राहतो. कोपऱ्यावर उभं राहताना शक्यतो भिंत आपल्या डावीकडे ठेवा, कारण कॅमेरा उजव्या खांद्यावर असतो.